सर्व्हिस लाईनवरचं हसू

बकुळा हसली तेव्हा दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ती नेहमीसारखीच हसली, आधी नाकातून फुसकन आणि मग गळ्यातून लांबलचक, आणि हेडसेटमध्ये दुसऱ्या एक्स्चेंजचा ऑपरेटर, ज्याला सगळे खाडी म्हणत, खोकत म्हणाला, "कांडी हसली! पास!" हसू अजून ओठांवर होतं, आणि तेवढ्यात हेडमास्तरच्या विनोदातला पेशंट ऑपरेशनच्या टेबलावरून उठून का पळाला ते तिच्या डोक्यात पोचलं. पोट दोन्ही हातांनी धरून पळणारा, हिरवा झगा मागून उघडा असलेला माणूस तिला आधी दिसला होता आणि त्या चित्राला ती हसली होती. तो पळाला कारण त्यानं डॉक्टरचं आडनाव ऐकलं. आडनावावरून त्याला कळलं, की हा डॉक्टर राखीव जागेवरून शिकलेला. एवढाच विनोद होता. तिचं तोंड अजून उघडं होतं. ते मिटायला हवं हे तिला समजत होतं, पण मिटलं तर लाईनवर ऐकू जाईल असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात आलं आणि ती आणखी जराशी हसली. त्या दुसऱ्या हसण्यात तिचं स्वतःचं काही नव्हतं. त्याच वेळी लाईनवर कुठेतरी टक् असा आवाज झाला. कुणीतरी कॉर्ड ओढली होती. हेडमास्तर म्हणाला, "चला, कामाला लागा," आणि सगळे आपापल्या बोर्डाकडे वळले.

भिवंडीच्या ट्रंक बोर्डावर बकुळाला सात वर्षं झाली होती. कानाला हेडसेट, समोर भोकांच्या रांगा, हातात कॉर्ड. दिवा लागला की कॉर्ड खुपसायची आणि विचारायचं, कोणता नंबर. बहुतेक कॉल यंत्रमागवाल्या शेठ लोकांचे, मालेगाव, सुरत, इचलकरंजी. "बहनजी, जल्दी लगा दो, माल अटका है" म्हणून दिवसभर घाई. दोन ते चार मात्र शेठ लोक जेवून लवंडायचे आणि बोर्ड शांत व्हायचा. जिल्ह्यातल्या पाच-सहा एक्स्चेंजांमध्ये ऑपरेटरांना आपसात बोलायला एक सर्व्हिस लाईन होती, ती कामासाठी होती, पण त्या दोन तासांत तिच्यावर गप्पा चालत. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. नावंसुद्धा लाईनवरच पडली होती. खाडीपलीकडे बसणारा आणि सारखा खोकणारा तो खाडी. वज्रेश्वरीकडच्या बाईचं नाव गरम पाणी, तिथल्या कुंडांवरून. घाटाच्या पायथ्याशी कुठेतरी बसणारा, शुद्ध बोलणारा आणि कुणी चुकीचा शब्द वापरला की सुधारणारा तो हेडमास्तर. आणि मागाच्या गावची म्हणून बकुळा कांडी. धोट्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात ना, ती. रोज तीन वाजता हेडमास्तर एक विनोद सांगायचा. कुठला शेठ ट्रंककॉलवर इतका ओरडतो की फोन न लावता खिडकी उघडली असती तरी मालेगावला ऐकू गेलं असतं, असले. सगळे हसायचे, पण हेडमास्तर थांबायचा तो बकुळासाठी. तिचं हसणं उशिरा यायचं आणि आलं की थांबायचं नाही. ती रजेवर असली की विनोद मागे ठेवला जायचा. आपल्यासाठी जगात काहीतरी मागे ठेवलं जातं याचं तिला फार अप्रूप होतं.

त्या दिवशी ड्युटी संपवून ती घरी चालत निघाली तेव्हा गल्ल्यागल्ल्यांतून मागांचा खडखडाट चालू होता आणि ती नेहमीप्रमाणे त्यातून काही न ऐकता चालली होती. तिला एकच आवाज ऐकू येत होता, तो टक्. कुणाची कॉर्ड होती? खाडीची नव्हे, तो त्यानंतरही खोकत होता. मग तिला आठवलं की विनोद सुरू झाला तेव्हा गरम पाणी लाईनवर होती, "सांगा सांगा, लवकर, माझी एस्टी येईल आता" असं काहीतरी बोलली होती. तिचं एक्स्चेंज एस्टी स्टँडच्या मागे होतं आणि बस आली की चौकशीचे फोन वाढायचे. आणि नंतर तिचा आवाज नव्हता. बकुळा चालता चालता थांबली. मागून सायकलवाला ओरडला, "ए बाजू!" गेल्या वर्षी एप्रिलात, लाईन रिकामी असताना, गरम पाणी स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. चाल बकुळाच्या पुऱ्या ओळखीची होती. एप्रिल महिन्यात बौद्धवाड्यात मंडप पडला की लाउडस्पीकरवर पहिली तीच चाल वाजायची. बकुळा लहान असताना त्या चालीवर नाचली होती. तिनं तेव्हा ओळखलं होतं. ओळखून ती गप्प बसली होती, आणि गरम पाण्याचं गुणगुणणं संपेपर्यंत तिनं श्वासही आवाज न करता घेतला होता, जसं काही ऐकलं हे कळणं हाच गुन्हा. त्याच महिन्यात गरम पाण्यानं लाईनवर विचारलं होतं, चौदा तारखेला कुणी ड्युटी बदलून देईल का, घरी कार्यक्रम आहे. बकुळानंही चौदाची रजा टाकली होती. अर्जात लिहिलं होतं, आत्याकडे लग्न.

घरी बाळाराम, तिचे वडील, ओट्यावर बसले होते. तीस वर्षं मागांवर फिटर म्हणून काढल्यामुळे त्यांचे दोन्ही कान गेले होते. घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं. बकुळा लहानपणापासून ओरडतच बोलत आली होती, आणि बोर्डावर लागली तेव्हा पहिले तीन महिने सुपरवायझर बाईनं तिला फक्त हळू बोलायला शिकवलं होतं. तिच्या तोंडाकडे पाहून बाळाराम म्हणाले, "काय झालं गं? तोंड का उतरलंय?" तिला सांगायचं होतं. दुसरं कुणी नव्हतंच सांगायला. पण ते सांगायचं म्हणजे दार उघडं, शेजारी रंगूबाई भाकऱ्या थापतेय, पलीकडे नळावर बायका, आणि या सगळ्यांच्या वरून ओरडायचं की बाबा, आपल्या लोकांवर विनोद केला आणि मी हसले. "काय?" म्हणून ते पुन्हा विचारणार. मग पुन्हा ओरडायचं. मी हसले. "डोकं दुखतंय!" ती ओरडली. "आँ?" "डोकं, डोकं!" "बाम लाव," बाळाराम म्हणाले, आणि रंगूबाईही तिकडून म्हणाली, "माझ्याकडं हाय बाम, देऊ का?"

बुधवारी तीन वाजता गरम पाणी लाईनवर आली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी बकुळानं मुद्दाम वज्रेश्वरीचा एक कॉल स्वतःकडे घेतला आणि कॉर्ड खुपसून म्हणाली, "गरम पाणी, कुठे आहेस? दिसत नाहीस, म्हणजे ऐकू येत नाहीस." मग तोच आवाज, पण कुणीतरी इस्त्री केलेला. "बोला, कोणता नंबर हवाय?" बकुळानं नंबर सांगितला. तिकडून "जोडते" एवढंच आलं. दुपारी हेडमास्तरनं नवा विनोद सांगितला, एक निरुपद्रवी, बायको आणि छत्री असा. तो थांबला, आणि बकुळा हसली. हसायला हवं म्हणून हसली. खाडी म्हणाला, "आज कांडी जरा आखूड." तिला वाटलं आपलं हसणं आता आपल्या तोंडातून येत नाही, कुठून तरी आणून ठेवावं लागतं. आणि तरीही तिला हेडमास्तरचा राग धड येत नव्हता. हीच सगळ्यात वाईट गोष्ट होती. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात गाव पेटलं, कर्फ्यू लागला, ती दोन दिवस एक्स्चेंजमध्येच अडकली. बाळाराम आदल्या दिवशी कोनला आत्याकडे गेलेले, त्यांचा पत्ता नव्हता. बोर्डावर सगळे दिवे एकदम लागत होते, लोक रडत होते, आणि हेडमास्तर तिकडे शांत आवाजात तिला एकेक कॉल घ्यायला लावत होता. "एकावेळी एक, कांडी. एकच दिवा बघ." आणि मधल्या वेळात त्यानं कल्याणच्या कुणाकडून कुणाकडे करत कोनच्या एका वाण्याच्या दुकानात फोन लावला होता. तीन तास लागले. "कांडी, तुझे वडील सुखरूप आहेत. डाळभात जेवले. आता तू जेव." ती तेव्हा बोर्डावर डोकं ठेवून रडली होती आणि तो लाईन न सोडता गप्प बसून राहिला होता. त्या माणसाच्या तोंडून तो विनोद आला होता, त्याच शांत, स्वच्छ आवाजात. आणि वाण्याला काय सांगायचं असं त्यानं विचारलं तेव्हाही ती घाबरून म्हणाली होती, फिटर बाळाराम म्हणा, कुणीही सांगेल. वाडा कोणता ते तिनं सांगितलं नव्हतं. बाप जिवंत आहे की नाही ठाऊक नसताना तिनं ते लपवलं होतं. त्या दंगलीनंतर एकदा खाडीनं आडनाव विचारलं होतं. शेलार, ती म्हणाली. "म्हणजे मराठे तुम्ही?" "एक मिनिट, कॉल आलाय," असं म्हणून तिनं लाईन सोडली होती. कॉल आला नव्हता. एकही दिवा लागला नव्हता.

रविवारी तिची सुट्टी होती. सकाळच्या एस्टीनं ती वज्रेश्वरीला गेली. बाळारामना तिनं सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. मैत्रीण हा शब्द ओरडताना तिला लाज वाटली. तासाभराच्या प्रवासात ती वाक्यं जुळवत होती. मी ऐकलं नव्हतं नीट. मला उशिरा कळलं. मीपण तुमच्यातलीच आहे. हे शेवटचं वाक्य ती मनातल्या मनातही पुरं करू शकत नव्हती, 'तुमच्यातली' की 'आपल्यातली' इथे येऊन अडत होती. स्टँडवर उतरून देवळाकडे जाणाऱ्या गर्दीतून ती मागे वळली. एक्स्चेंज म्हणजे पत्र्याची पडवी असलेली एक खोली होती आणि पडवीत एक जाड, पांढऱ्या केसांची बाई पाय पसरून शेंगा सोलत बसली होती. बकुळानं विचारलं, "ड्युटीवर कोण आहे? बाई ऑपरेटर, त्या..." नाव तिला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या बाईनं वर पाहिलं आणि एकदम त्याच लाईनवरच्या, विशीतल्या पोरीच्या आवाजात म्हणाली, "कांडी?"

तिचं नाव कौसल्या. तिला रिटायर व्हायला चार वर्षं राहिली होती. तिनं बकुळाला चटईवर बसवलं, पाणी दिलं, आणि आत बदलीवर बसलेल्या माणसाला हाक मारून सांगितलं की चहा दोन सांग. लाईनवर ती पुस्तकासारखी बोलायची. इथे तिची भाषा वेगळी होती, आणि ती ऐकून बकुळाच्या अंगातलं काहीतरी सैल पडलं, कारण घरी सगळे असेच बोलत. जुळवलेली वाक्यं सगळी गेली. ती म्हणाली, "मी हसले त्या दिवशी."

"ऐकलं ना मी."

"मला कळलं नाही आधी. खरंच नाही कळलं."

"मंग कवा कळलं?"

"हसताना."

कौसल्या शेंगा सोलत राहिली. "अगं, मी तुझ्यावर रागावली न्हाय. कॉर्ड मी ओढली ती एस्टी आली म्हनून, फोन आला व्हता. मी थांबली असती तर मीबी हसली असती. अकरा वर्सं हसतेय मी त्या लाईनवर. तसला पयला विनोद आयकला तवा घरी जाऊन जेवली न्हाय. मंग जेवाया लागली." तिनं टरफलं बाजूला सारली. "पन या टायमाला फोन संपवून बसली, आन् माझ्या ध्यानात आलं की हेडमास्तर तुझ्यासाठी थांबला व्हता. तू हसतेस का बघाया. ते मला न्हाय बघवलं. म्हनून येत न्हाय मी तीन वाजता."

"तो रोजच थांबतो माझ्यासाठी," बकुळा म्हणाली. "त्याला काय ठाऊक मी कोण ते."

कौसल्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात कीव होती की आणखी काही, ते बकुळाला कळलं नाही, पण आपल्याला आता काहीतरी ऐकावं लागणार एवढं कळलं आणि तिनं चटईची कड घट्ट धरली. "त्याला ठाऊक हाय," कौसल्या म्हणाली. "दंगलीच्या सालापासून. तुझा बाप कोनच्या बौद्धवाड्यात हाय, हे त्याला वाण्यानं सांगितलं. त्यानं त्याच आठवड्यात मला सांगितलं. खाडीलाबी. फुशारकीनं न्हाय, चांगल्या मनानंच सांगितलं. म्हनला, पोरगी लपवते, लपवू दे, आपण तिला तसं जानवू द्यायचं न्हाय. भेद न्हाय करत आपण."

तीन वर्षं. बकुळा पडवीच्या पत्र्याकडे बघत राहिली. तीन वर्षं ती लपवत होती आणि ते सगळे तिला लपवू देत होते. तिनं न लागलेल्या दिव्यांचे बहाणे केले तेव्हा तिकडे कुणीतरी समजून गालात हसलं असेल. म्हणजे खाडीनं आडनाव विचारलं तेही ठाऊक असूनच. आणि मंगळवारी "कांडी हसली, पास" म्हणाला तेही. पास म्हणजे काय ते तिला आत्ता कळलं. तिच्या हसण्याची पावती हवी होती त्यांना, की बघा, तिलाही चालतं. चहा आला. तो तिनं पाण्यासारखा एका घोटात संपवला आणि जीभ भाजली. "मी उद्या बोलणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही याल लाईनवर?"

"मी न्हाय," कौसल्या लगेच म्हणाली. "चार वर्सं राहिली माझी. बदली केली तर मी कुठं जाऊ या पायांनी? उद्या तीन वाजता मी चहाला उठनार." मग बकुळा बस पकडायला निघाली तेव्हा तिनं शेंगांची पुडी तिच्या पिशवीत कोंबली आणि विचारलं, "नाव काय गं तुझं, खरं?"

सोमवारी दुपारी तीन वाजता बोर्ड शांत होता. बकुळानं सर्व्हिस लाईनची चावी, बोर्डावरचा तो छोटा खटका, उघडली. हेडमास्तर म्हणाला, "कांडी आली का? मग ऐका."

"हेडमास्तर, मंगळवारचा परत सांगा."

"कुठला?"

"पेशंट पळतो तो."

"अगं, शिळा झाला तो. आणि तू तर इतकी हसलीस की..."

"हसले. परत सांगा. त्या डॉक्टरचं आडनाव काय होतं?"

"आडनाव? असंच काहीतरी. आडनावाला काय महत्त्व आहे विनोदात?"

"आडनावावरच तो पळाला ना? शेलार होतं का?"

लाईनवर बारीक खरखर असते, ती बोलताना कधी ऐकू येत नाही. आता ती ऐकू येत होती. बकुळाच्या कानात रक्ताचे ठोके पडत होते आणि ते हेडसेटमधून सगळ्या जिल्ह्याला ऐकू जात असतील असं तिला वाटलं. "शेलार घालून सांगा," ती म्हणाली. आवाज थोडा चढला होता. शेजारच्या बोर्डावरची बाई वळून बघायला लागली. "बकुळा बाळाराम शेलार, बौद्धवाडा, भिवंडी. तुम्हाला ठाऊक आहे ते. मी डॉक्टर नाही, पण चालेल. सांगा आणि मी हसते का बघा."

खाडी खोकला. "कांडी, जाऊ दे ना. गमतीत चाललेलं असतं सगळं."

"तुझ्यावर नव्हता तो," हेडमास्तर म्हणाला. त्याचा आवाज तसाच स्वच्छ होता, पण वाक्याच्या मध्ये एक श्वास आला, जो कधी येत नसे. "तुझ्याबद्दल मी कधी तसं मनात आणलंय का? सांग. चौऱ्याऐंशीला..."

"विसरले नाही मी. मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतेय, दुसरा असता तर विचारलंही नसतं. माझ्यावर नव्हता, तर कुणावर होता?"

खरखरीच्या मागे बकुळाला एस्टीच्या कंडक्टरची घंटी ऐकू आली, दोनदा, आणि मग गाडी सुरू झाल्याची घरघर. वज्रेश्वरीची चावी उघडी होती. कौसल्या चहाला उठली नव्हती. ती बोललीही नाही, पण तिथे होती, आणि बकुळानं बोर्डाची कड धरलेला हात सोडला.

तेवढ्यात खालच्या रांगेत दिवा लागला. खरोखरचा. एका शेठचा अर्जंट कॉल होता, मालेगाव, ट्रक उलटला होता, ड्रायव्हर सापडत नव्हता. "बहनजी, मेहरबानी करके," तो म्हणत होता. भिवंडीतून मालेगावची सरळ लाईन त्या दिवशी बंद होती, घाटाच्या पायथ्यावरूनच जायला हवं होतं. बकुळानं कॉर्ड खुपसली. "मालेगाव, अर्जंट," ती म्हणाली. आणि हेडमास्तर लगेच म्हणाला, "देतो." तो नाशिकला बोलला, नाशिक गुंतलेलं, त्यानं दुसरा मार्ग धरला, तिनं शेठला धरून ठेवलं, रडू नका म्हणाली, नंबर पुन्हा सांगा म्हणाली. चार मिनिटं दोघं एकमेकांशी फक्त आकडे बोलत होते. मग त्याचा आवाज आला, "मिळालं मालेगाव. घ्या. बोलू द्या त्यांना."

घ्या. बोलू द्या. सात वर्षांत तो तिला असं कधी बोलला नव्हता. तिनं शेठला जोडून दिलं, वेळ लिहिली, आणि पेन हातात धरून ती तशीच बसली.

त्यानंतर सर्व्हिस लाईनवर तीन वाजता विनोद झाला नाही. खाडी आणि आणखी दोघं कुठल्या तरी दुसऱ्या लाईनवर जमतात असं कानावर आलं. बकुळानं चावी उघडली की कधीकधी टक्, टक् असे आवाज येत आणि मग काही नाही. कौसल्या मात्र यायची, उशिरा, साडेतीनला. दोघी घरच्यासारख्या बोलायच्या, पायाचं दुखणं, बाजारातली मच्छी, आणि कौसल्या तिला बकुळा म्हणायची. पावसाळा संपला. घाटाकडचे कॉल येत, जात. "शेलारबाई, पुणे." "शेलारबाई, थांबा जरा." त्या 'शेलारबाई'मध्ये मान होता की दार लावून घेणं होतं हे बकुळाला ठरवता येत नव्हतं. कधी एक वाटे, कधी दुसरं, आणि काही दिवशी तिला जुन्या 'तू'ची इतकी आठवण यायची की स्वतःचाच संताप यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत गावातले माग बंद होते. बोर्डावर दिवा नव्हता. तीनच्या सुमाराला घाटाकडून लाईन उघडल्याचा आवाज आला.

"शेलारबाई, आहात का?"

"आहे."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काही नाही," हेडमास्तर म्हणाला. "लाईन तपासत होतो."

"लाईन साफ आहे," बकुळा म्हणाली.

त्यानं चावी बंद केली नाही. तिनंही केली नाही.